पॅड नवे टाकले तरी ब्रेक पुन्हा ओरडतोय? बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडीवाल्यांनी आधी हे बघा

मागच्या मे महिन्यात सावद्याच्या एका केळीवाल्या आप्पांची मर्सिडीज माझ्या गॅरेजवर आली, म्हणजे आधी तिचा आवाज आला आणि मग गाडी आली. गेटवर ब्रेक दाबला तसं समोरच्या टपरीवरच्या लोकांनी चहा सोडून माना वळवल्या. आप्पा चिडूनच उतरले, "भो, पॅड टाकून दोन महिने नाही झाले, आन् पुन्हा अशी ओरडू राह्यली." खिशात आधीच्या बिलाची घडीसुद्धा होती.

चाक काढलं. बाहेरचा पॅड बघितला तर नऊ मिलिमीटर शिल्लक, एकदम झकास. आतला बघितला तर मटेरियल संपलेलं, नुसती लोखंडी पाटी डिस्कला घासत होती आणि डिस्कवर जुन्या तबकडीसारखे गोल चरे पडलेले. एकाच चाकातले दोन पॅड, एक जवळपास नवा आणि एक खलास. कारण काय तर कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीची, स्लाइडर पिन जाम. आणि डॅशबोर्डवरचा पॅड संपल्याचा लाइट का नाही लागला म्हणाल तर सेन्सरची पिन पॅडमध्ये बसवलीच नव्हती, वायर तशीच वर टाय मारून बांधून ठेवलेली. त्या गाडीत सेन्सर डिस्कला टेकला की लाइट लागतो, टेकायला सेन्सरच नाही तर लाइट कुठून लागणार.

असले केस मी इतक्यांदा बघितलेत की आता गाडी गेटमधून आत येते तेव्हाच अंदाज येतो. पॅड काढून पॅड टाकणं हे शिकाऊ पोरगंपण अर्ध्या तासात करतं, पण पॅडच्या आजूबाजूला जे काय असतं ते कोणी बघत नाही आणि आवाज पुन्हा येतो तो तिथूनच. पॅड बिचारा फुकट बदनाम होतो.

आपल्याकडे हा त्रास जास्त का, ते पण सांगतो. एकतर ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, रस्ता तापलेला, गाडी दोन टनाची, वेगात येऊन जोरात ब्रेक. दुसरं धूळ आणि खडी, कुठे ना कुठे रस्त्याचं काम चालूच असतं. तिसरं घाट. संभाजीनगरवरून येताना कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला यायचं, सुरतेहून येताना कोंडाईबारी, इंदूरकडून येताना बिजासन. ऑटोमॅटिक गाडी डी मध्ये ठेवायची आणि अख्खा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरायचा ही आपल्या लोकांची जुनी सवय. आणि चौथं म्हणजे बऱ्याच गाड्या दिल्ली-मुंबईहून सेकंडहँड घेतलेल्या असतात, आधीच्या मालकाने कुठले पॅड टाकले, काय जुगाड केला, कोणालाच माहीत नसतं.

आधी आवाज ओळखा

चाक खोलायच्या आधी दोन दिवस नीट ऐका. काच खाली करा, गाणी बंद करा, एखाद्या भिंतीच्या किंवा कंपाउंडच्या बाजूने हळू चालवा म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि कुठल्या बाजूचा आहे ते कळतं.

सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला घर्र किंवा चीं आणि नंतर दिवसभर काही नाही, तर काही करू नका. रात्रीच्या दमट हवेने किंवा गाडी धुतल्याने डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो, तो घासून गेला की आवाज गेला. पावसाळ्यात तर हे होणारच.

हलका ब्रेक दाबला की बारीक चीं आणि जोरात दाबला की आवाज बंद, हा सगळ्यात जास्त येणारा प्रकार. पॅड थरथरतो म्हणून तो आवाज. कारणं बरीच, खाली येतो त्याकडे.

ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड घासल्यासारखं खर्र खर्र होत असेल तर पुढचं वाचत बसू नका, गाडी उभी करा. त्या अवस्थेत पॅडची पाटी डिस्क खात असते, रोजचा एक फेरा म्हणजे खर्च वाढवणं.

ब्रेक न दाबतासुद्धा चर्र चर्र येतं आणि ब्रेक दाबला की बदलतं किंवा बंद होतं, तर खडा अडकलेला असू शकतो नाहीतर पॅड सुटतच नाहीये.

ऐंशीच्या पुढे ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं, तर पुढच्या डिस्क बघा. स्टेअरिंग शांत आणि सीट थरथरते, तर मागच्या. गाडी एका बाजूला ओढते, एका चाकाचा अलॉय बाकीच्यांपेक्षा काळा पडतो, किंवा एका चाकातून जळका वास येतो, तर त्या चाकात पॅड मोकळा सुटत नाहीये. आणि पेडल स्पंजासारखं मऊ लागत असेल किंवा हळूहळू खाली जात असेल तर तो पॅडचा विषयच नाही, ते ऑइल, हवा किंवा मास्टर सिलेंडरचं प्रकरण आहे, थेट मेकॅनिककडे.

फुकटात होणाऱ्या गोष्टी

खडा. डिस्कच्या मागे पत्र्याचं पातळ कव्हर असतं, त्यात आणि डिस्कमध्ये बारीक खडी जाऊन बसते आणि असा आवाज करते की वाटतं चाक निघतंय आता. मोकळ्या जागी गाडी रिव्हर्स घ्या, हळू ब्रेक मारा, पुन्हा पुढे घ्या, असं चार-पाच वेळा करा. निम्म्या वेळा खडा आपणच पडतो. नाही पडला तर चाक काढून तो पत्रा बोटाने एवढासा मागे वाकवला की झालं. या खड्यापायी लोकांनी चांगले पॅड बदलून घेतलेले मी बघितलेत.

टायर पॉलिश. हे ऐकून हसू येईल पण खरं आहे. वॉशिंग सेंटरवरचा पोऱ्या टायर चमकवायचा स्प्रे मारतो तो अलॉयच्या फटीतून डिस्कवर जातो आणि दुसऱ्या दिवशी गाडी ओरडायला लागते, वर ब्रेकपण थोडा सरकतो. डिस्कवर ब्रेक क्लीनर मारून स्वच्छ फडक्याने पुसा, थोडंफार असेल तर जातं. पॅडनेच तेल पिलं असेल तर मात्र तो पॅड गेला, पेट्रोलने धुणं, गॅसवर जाळणं असले उद्योग करू नका.

ब्रेक ऑइलची पातळी. बॉनेट उघडा, टाकी बघा. पॅड झिजत जातात तसा कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन बाहेर येतो आणि ऑइल खाली उतरतं, म्हणजे पातळी कमी दिसली तर आधी पॅड झिजलेत का ते तपासायचं, वरून ऑइल ओतायचं नाही. लोक ओततात, मग नवे पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलला की तेच ऑइल टाकीतून उतू येतं आणि रंगावर सांडलं तर रंग खातं. पातळी मिनिममच्या खाली असेल आणि पॅड जाड असतील तर कुठेतरी गळती आहे, गाडी हलवू नका. आणि नावात ऑइल आहे म्हणून खरोखरचं इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टेअरिंगचं ऑइल टाकाल तर सगळी रबरं फुगतात आणि अख्खी सिस्टीम बदलायची पाळी येते.

टॉर्च. अलॉयच्या दांड्यांमधून मोबाइलचा टॉर्च मारा. नव्या पॅडचं मटेरियल साधारण १० ते १२ मिमी असतं, मागच्या पॅडचं थोडं कमी. ३ मिमी आलं की बदलायचं. पण फटीतून दिसतो तो बहुतेक बाहेरचाच पॅड, आणि आप्पांच्या गाडीत बाहेरचा पॅड नऊ मिमी होता ना, म्हणून याच्यावर विसंबून निवांत झोपू नका. सोबत डिस्कच्या कडेवर नख फिरवा, कडेला उंबरठ्यासारखी धार लागत असेल तर डिस्कपण बरीच झिजलीय.

थोडक्या खर्चात

गरम चाक शोधणं. आठ-दहा किलोमीटर चालवा, शक्यतो ब्रेक कमी वापरून, मग सावलीत उभी करून इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्क बघा, कोणाकडून तरी मागून आणा. पुढच्या मागच्यांपेक्षा गरम असणारच, ते सोडा. पुढची डावी आणि उजवी यांची तुलना करा, मग मागची डावी आणि उजवी. थोडा फरक चालतो, पण एक बाजू दुसरीच्या दीड-दोन पट तापलेली असेल तर तिथे काहीतरी धरून बसलंय. हात लावून बघू नका, कातडं चिकटतं. माझ्या अंगठ्यावर खूण आहे अजून.

आता लाइट. शिरपूरचा एक मित्र आहे, त्याचा दर वर्षी फोन ठरलेला, "पॅड नवा टाकात तरी तो लाइट काय जास नही भाऊ." बीएमडब्ल्यूत बहुतेक मॉडेलना पॅडचे सेन्सर दोनच असतात, पुढे डाव्या चाकाला आणि मागे उजव्या चाकाला. पॅड झिजला की सेन्सरपण डिस्कवर घासून तुटतो आणि लाइट लागतो. एकदा घासलेला सेन्सर पुन्हा वापरता येत नाही, नवाच टाकायचा, आणि मग मेनूतून सर्व्हिसचं रीसेट मारायचं. जुना सेन्सर ठेवून रीसेट मारलं तर गाडी घेतच नाही. ऑडीत बऱ्याच वेळा सेन्सरची वायर पॅडलाच जोडलेली येते, तेव्हा घेताना वायरवाला सेट घ्या. मर्सिडीजची छोटी पिन वेगळी मिळते, पॅडच्या खाचेत बसते. सेन्सर पॅडच्या मानाने अगदी स्वस्त, तरी लोक तिथेच पैसे वाचवतात. आणि वायर जोडून किंवा बांधून लाइट घालवून देणारा मेकॅनिक भेटला तर त्याच्याकडून बाकीचं कामपण परत बघून घ्या.

पॅड कुठला घ्यायचा

दुकानात जाऊन "थ्री सिरीजचे पॅड द्या" म्हणाल तर दुकानदार देईल, पण ते बसतील याची खात्री नाही. एकट्या एफ-थर्टी पिढीच्या थ्री सिरीजमध्ये पुढच्या डिस्क ३०० मिमीपासून ३४० मिमीपर्यंत वेगवेगळ्या आहेत, इंजिन कुठलं, एम स्पोर्ट ब्रेक आहेत की साधे, त्यावर सगळं ठरतं. म्हणून चेसिस नंबर द्यायचा, १७ अक्षरांचा, काचेच्या खालच्या कोपऱ्यात दिसतो आणि आरसीवरही असतो. बीएमडब्ल्यूला शेवटची सात अक्षरंपण पुरतात. ऑडीत डिकीत स्टेपनीच्या जागेत एक स्टिकर असतं, त्यावर बारीक बारीक कोड लिहिलेले असतात, त्यातला एक ब्रेकच्या साइझचा असतो. त्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, पार्टवाल्याला व्हॉट्सॲपवर टाकायला बरा पडतो.

दुसरा नंबर जुन्या पॅडच्या पाठीवर असतो, पाच आकडी डब्ल्यूव्हीए नंबर. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पॅडवर तोच नंबर असेल तर आकार सारखा, हे ताडून बघायला सोपं. पण जाडी आणि सेन्सरची खाच वेगळी असू शकते तेव्हा जुना पॅड सोबत घेऊनच जा, फडक्यात गुंडाळून न्या नाहीतर सीट काळी.

कंपनीच्या डब्यातलेच पॅड पाहिजेत असं माझं म्हणणं नाही. टेक्स्टार, ज्युरिड, एटीई, पॅगिड, ब्रेम्बो, टीआरडब्ल्यू, बॉश ही सगळी चांगली नावं आहेत आणि यातल्या बऱ्याच जणांचा माल नव्या जर्मन गाड्यांत कारखान्यातूनच लागून येतो. बघायचं काय तर पाठीवर गोलातला ई आणि ९०आर असा युरोपचा शिक्का, त्याचा अर्थ पॅडची पकड मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत बसते. त्याशिवाय एफएफ, जीजी अशी दोन अक्षरंही असतात, पहिलं साध्या तापमानाची पकड आणि दुसरं गरम झाल्यावरची. ई पेक्षा एफ जास्त, एफ पेक्षा जी जास्त. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, उदाहरणार्थ एफई, तर पॅड तापल्यावर ढिला पडतो, आणि आपल्याला तर मे महिन्यात कन्नड घाट उतरायचाय. तसला घेऊ नका.

सिरॅमिक घ्यावा का, हा प्रश्न दर दुसरा माणूस विचारतो. जर्मन गाड्यांत मुळात लो-मेटॅलिक, म्हणजे थोडा धातू मिसळलेले, पॅड असतात, पकड कडक पण अलॉय काळे करतात, थोडा आवाजपण करतात. सिरॅमिकने धूळ कमी, आवाज कमी, पण थंड असताना पहिल्या ब्रेकला तोच चावा मिळत नाही असं मला वाटतं. गावातल्या गावात फिरणाऱ्याला सिरॅमिक ठीक आहे. इंदूर-सुरत-नाशिक करणाऱ्याला मी लो-मेटॅलिकच टाकून देतो आणि सांगतो अलॉय पुसत जा.

एक राहिलं, पॅड जोडीने बदलायचे, म्हणजे पुढचे चारही नाहीतर मागचे चारही. एकाच चाकाचे बदलले की गाडी ओढते.

चाक काढल्यावर

आता खरं काम. ज्याच्याकडे घोडी (उचललेली गाडी धरून ठेवणारा स्टँड), टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळणारा) आणि थोडा धीर आहे त्यानेच पुढे यायचं, बाकीच्यांनी हा भाग वाचून मेकॅनिकच्या बाजूला उभं राहायचं आणि हे सगळं करून घ्यायचं.

काळ्या मातीवर जॅक लावू नका, वजनाने खचतो, खाली जाड फळी टाका. जॅकवर भरवसा ठेवून हात घालू नका, घोडी लावा. ऑडी क्यू-सेव्हनसारखी एअर सस्पेन्शनची गाडी असेल तर मेनूत जॅकचा मोड असतो तो आधी लावा, नाहीतर गाडी आपणच लेव्हल करायला जाते. धूळ हवा मारून उडवायची नाही, ती छातीत जाते, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसायची.

कॅलिपर काढायला बऱ्याच जर्मन गाड्यांत ७ नंबरची एलन की लागते, साध्या सेटमध्ये ती नसते, आधी बघून ठेवा. कॅलिपर सुटला की ब्रेकच्या रबरी नळीवर (होजवर) लटकवू नका, वायरचा हुक करून स्प्रिंगला टांगा.

सगळ्यात आधी स्लाइडर पिन. कॅलिपर या पिनांवर मागेपुढे सरकतो म्हणून आतला आणि बाहेरचा पॅड सारखा दाबला जातो. पिन अडकली की पिस्टनवाला आतला पॅड एकटाच सगळा भार घेतो, आणि ब्रेक सोडल्यावर नीट मागेही येत नाही. पिन हाताने सरकली पाहिजे, बोटाच्या जोराने. गंज असेल तर पॉलिश पेपर हलक्या हाताने मारा, रबर फाटलं असेल तर बदला, खड्डे पडले असतील तर पिन नवी. कंपनीने ग्रीस सांगितलं असेल तिथे ब्रेकचं सिलिकॉन ग्रीसच लावायचं. बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावलंत तर रबर फुगतं आणि थोड्याच दिवसांत पिन पुन्हा जाम, आप्पांच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं, पिन बाहेर काढली तर रबर फुगून पिनेला असं चिकटलेलं की पक्कडीने ओढावं लागलं. आणि ऐका, बऱ्याच बीएमडब्ल्यू-ऑडीत पिना रबराच्या बुशात कोरड्याच चालतात, तिथे नुसत्या पुसून बसवायच्या, ग्रीस नाही. इथे भलेभले चुकतात.

मग पॅडचे कान जिथे बसतात ती ब्रॅकेटची जागा. तिथे गंज आणि धुळीचा थर बसतो, वायर ब्रशने चकचकीत करा. पॅड हाताने बसला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवलेला पॅड परत सुटणार कसा? पॅडचे कान ग्राइंडरवर घासून बसवणारेही असतात, गंज ब्रॅकेटचा आणि शिक्षा पॅडला. साफ केलेल्या जागी सिरॅमिकची ब्रेक पेस्ट अगदी पातळ लावा, मटेरियलवर किंवा डिस्कवर नाही. तांब्याची पेस्ट या गाड्यांत मी वापरत नाही, ॲल्युमिनियमचा कॅलिपर आणि जवळच एबीएसचा सेन्सर, कशाला विषाची परीक्षा.

क्लिपा आणि स्प्रिंगा नव्या टाका. रिव्हर्सवरून पुढे जाताना टक् असा आवाज येतो तो ढिल्या क्लिपांचाच. काही पॅडच्या पाठीला चिकटणारा कागद असतो, वरची फिल्म काढून लावायचा, मी दोन गाड्यांत फिल्मसकट बसवलेला बघितलाय. पाठीवर लोखंडाचं वजन लावलेलं असेल तर ते कापून टाकू नका, थरथर मारण्यासाठीच दिलेलं असतं ते. बाण असेल तर चाक पुढे फिरतं त्या दिशेला.

पिस्टन मागे दाबताना टाकीचं झाकण उघडं ठेवा आणि नजर टाकीवर. हळू आणि सरळ दाबायचा. रबर बूट फाटलेला, पिस्टनभोवती ओल, किंवा पिस्टन जातच नाहीये, तर तिथेच थांबा.

मग डिस्क. कमीत कमी जाडी तिच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेली असते, मिन टीएच म्हणून. व्हर्नियरच्या दांड्या कडेच्या उंबरठ्यावर बसतात आणि खोटं माप देतात, म्हणून मायक्रोमीटर घ्या, चार-पाच जागी मोजा. त्याखाली असेल तर डिस्क बाद, लेथवर घासून उपयोग नाही, उलट अजून पातळ होते आणि अजून तापते. थरथर येणारी डिस्क वाकलीय असं सगळे म्हणतात, पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तापलेला पॅड एका जागी दाबून धरल्यामुळे तिथे पॅडचं मटेरियल चिकटतं नाहीतर डिस्कची जाडी असमान झालेली असते, आणि जाडीतला एक-दोन शतांश मिलिमीटरचा फरक हाताला कळतो. घाट उतरून खाली आलात, डिस्क धगधगतेय आणि ढाब्यासमोर ब्रेक दाबून उभे राहिलात की हेच होतं. नवी डिस्क बसवताना हबवरचा (डिस्क ज्यावर बसते त्या भागाचा) गंज साफ केला नाही तर नव्या डिस्कलाही थरथर येणार, दोष डिस्कचा नसतो.

चाक लावल्यावर बोल्ट टॉर्क पान्याने, ऑडीच्या बऱ्याच गाड्यांत १२० न्यूटन मीटर, बाकीच्यांचं मॅन्युअल बघा. आणि गाडी हलवायच्या आधी, पुन्हा सांगतो आधी, पेडल पंप करा जोपर्यंत ते कडक होत नाही. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिले दोन-तीन दाब नुसते त्याला पुढे आणण्यात जातात. शिकाऊ होतो तेव्हा हे विसरलो आणि गाडी थेट गॅरेजच्या कडुलिंबाला. उस्तादाने झाडाची विचारपूस केली, माझी नाही.

नवे पॅड बसवून घ्यायचे असतात. पहाटे रिकाम्या रस्त्यावर ६० वरून १०-१५ पर्यंत बेताच्या जोराने आठ-दहा वेळा ब्रेक मारा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये अर्धा-पाऊण किलोमीटर जाऊ द्या, मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड करा. हे न करता लोक त्याच दिवशी शिर्डीला जातात आणि चार दिवसांनी फोन करतात, आवाज येतोय. घाटात ऑटोमॅटिकला स्टेअरिंगमागच्या पॅडलने किंवा एम मोडमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा, गाडी इंजिनने धरली जाते आणि ब्रेक मधूनमधून लागतो.

इथे हात काढून घ्या

मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल, म्हणजे बटणवाला, तर स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने) सर्व्हिस मोड लावल्याशिवाय मागचे पॅड काढायचे नाहीत. अमळनेरची एक ऑडी आली होती, कोणीतरी क्लॅम्प लावून पिस्टन जबरदस्तीने दाबला, आतली मोटर आणि गिअर दोन्ही गेले. चार पॅड टाकायला निघालेला माणूस कॅलिपरचं बिल भरून गेला. जुन्या केबलच्या हँडब्रेकवाल्या गाड्यांत मागचा पिस्टन बऱ्याचदा फिरवून आत न्यायचा असतो, तिथेही नुसता दाबला तर आतलं यंत्र तुटतं.

२००२ ते २००६ मधली ई क्लास असेल, डब्ल्यू-२११, तर तिच्यात एसबीसी नावाची इलेक्ट्रॉनिक ब्रेक सिस्टीम असते. ती नुसतं दार उघडलं तरी आपोआप प्रेशर बनवते आणि कॅलिपर उघडा असेल, बोटं आत असतील, तर पिस्टन बाहेर. स्कॅनरने ती बंद केल्याशिवाय त्या गाडीच्या ब्रेकला हातसुद्धा लावू नका, गल्लीतल्या कोणाला लावूपण देऊ नका.

पेडल मऊ, ऑइल गळतंय, एबीएसचा लाइट, किंवा सगळं साफ केल्यावरही एक चाक गरमच, तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाहीतर या गाड्यांचं काम रोज करणारा मेकॅनिक. तो ब्लीड निपल (कॅलिपरवरचा ऑइल-हवा काढायचा छोटा स्क्रू) सोडून बघेल, निपल सोडल्या सोडल्या चाक मोकळं झालं तर ब्रेकची रबरी होज आतून फुगून बंद झालीय, ऑइल जातं पण परत येत नाही. मोकळं नाही झालं तर पिस्टन जाम आहे. दोन्ही कामांत हवा काढावी लागते, आणि बऱ्याच नव्या गाड्यांत एबीएस पंपातली हवा स्कॅनरशिवाय निघत नाही. तेव्हाच ब्रेक ऑइलपण बदलून घ्या, तसंही ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं कारण ते हवेतलं पाणी पितं. डॉट फोर ग्रेडचं ऑइल नवं असताना उकळायला २३० अंश तरी लागतात, पाणी पिलेलं १५५ च्या आसपास उकळू शकतं. झाकणावर लिहिलेलाच ग्रेड टाका.

आप्पांना मी पुढच्या डिस्क, चारही पॅड, पिना, रबरं, क्लिपा आणि सेन्सर असं सगळं टाकून दिलं. बिल बघून पुन्हा चिडले. मागच्या आठवड्यात केळीचा भाव विचारायला फोन केला तर म्हणाले गाडी घेऊनच येतो, चाक काढून बघ. काढलं. आतला पॅड आठ, बाहेरचा आठ. आप्पांनी टॉर्च हातात घेऊन स्वतः दोनदा बघितलं.